पेनकिलर घेऊन पळू नका: मॅरेथॉनचे तुमचे प्रश्न

रेस जवळ आली की ठाणे-नवी मुंबईतून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकत्रच देतोय.

सुरुवातीला पाय फ्रेश असतात, तेव्हाच जोरात पळून टाईम वाचवला तर? (ऐरोली)
असा टाईम साठत नाही. फुल मॅरेथॉन साडेचार तासांत संपवायची तर किलोमीटरला 6 मिनिटं 24 सेकंद पडतात, पहिले पाच त्याहून दहा-पंधरा सेकंद सावकाश जा, गर्दी पुढे जातेय तर जाऊ दे. पाम बीचच्या सपाट रस्त्यावर सरावात वीस किलोमीटर मस्त जमले म्हणून लोक हुरळतात, पण जोरात निघालात की स्नायूंतली साखर लवकर संपते, तिसाव्या किलोमीटरनंतर पाय उचलत नाहीत आणि मुंबई मॅरेथॉनला परतीचा पेडर रोडचा चढ अजून बाकीच असतो.

एक्स्पोत (रेसआधीच्या प्रदर्शनात) शूजवर डिस्काउंट आहे, रेसला तेच घालू? (कोपरखैरणे)
नको. सरावाचे लाँग रन ज्यात केलेत तेच घाला.

ग्रुपमधले सगळे स्टार्टआधी पेनकिलर घेतात, मी घेऊ? (घोडबंदर रोड)
अजिबात नाही, दर सीझनला सांगतो तरी हे थांबत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, पळताना घाम गेलेला, रक्त पायांकडे वळलेलं, म्हणजे किडनीला आधीच कमी मिळतंय, त्यात ही गोळी. जास्तीचं पाणी बाहेर टाकणंही मंदावतं, मग वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या स्टेशनवर बाटलीभर पाणी ढोसणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकं जड, अंगठी बोटात रुतलेली, बोलणं असंबद्ध, आणि आजूबाजूचे म्हणतात डिहायड्रेशन आहे, अजून पाणी पाजा! यात फिट येते, जीवही जाऊ शकतो. तहान लागेल तेवढंच प्या. आणि गोळीशिवाय गुडघा पळू देत नसेल तर आत्ताच ऑर्थोपेडिकला दाखवा, दुखणं दाबून पळालात तर हाडाला गेलेली बारीक चीरही कळणार नाही.

टेट्रापॅकमधलं ओआरएस चालेल? (कळवा)
पॅकवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं नसेल तर ते नुसतं गोड सरबत, जाहिरात काहीही म्हणो. ओआरएसची पुडी असेल तर तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला. बीपी, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

येऊरच्या चढावर छातीत दाबल्यासारखं होतं, थांबलं की जातं. केमिस्ट म्हणाला ॲसिडिटी. रेसनंतर दाखवू? (वर्तकनगर, वय 47)
रेसनंतर कसलं, उद्याच! श्रमाने येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं हृदयाचं असू शकतं. हृदयरोगतज्ज्ञाकडे जा, साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका, स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती) हवी का ते त्यांना ठरवू दे, तोवर पळणं बंद. बसल्या जागी दुखलं किंवा घाम फुटला तर थांबू नका, 108 ला फोन करा.