कोरकू शिकायला बसताना

मेळघाटात बदली झाली म्हणून कोरकू शिकतो म्हणालास, बरं केलंस भाऊ. आधी एक डोक्यातून काढ: ही मराठीची किंवा हिंदीची बोली नाही. मुंडा भाषाकुळातली, झारखंडकडच्या संथाली-मुंडारी भाषांची बहीण. २०११ च्या जनगणनेत बोलणारे ७ लाखांवर, त्यातले बहुतेक मध्य प्रदेशात. व्याकरण घाम काढतं. संस्कृतसारखं द्विवचन आहे. 'आपण दोघं' वेगळं, 'आपण सगळे' वेगळं. 'आम्ही' अन् 'आपण' यातला फरक मात्र तुला घरूनच येतो, तिथं हिंदीवाले अडखळतात.

वही नंतर उघड. पहिले आठवडी बाजारात म्हाताऱ्या बायांना कुटकीचा, मोहाचा भाव विचार. त्या हसतील. हसू दे, हसता हसताच उच्चार सुधारून देतात. तरणी पोरं तुला पाहून लगेच हिंदीवर येतील. तू कोरकू सोडू नको, तुटकी का असेना. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचारायचं, मग ज्याचं त्याला ऐकवायचं. यात लय मजा येते, घरातले सगळे गोळा होतात.

जळगाव जामोदकडच्या निहाली भाषेचं वेड सध्या आवर. तिच्यात कोरकूचे शब्द पुष्कळ शिरलेत, पण ती स्वतः कोणत्याच कुळात बसत नाही. कोरकू कानात मुरली की तिकडं जाऊ.