निकितिनच्या चित्रातली तांबूस छटा

प्रश्न : इव्हान निकितिनच्या ‘मृत्युशय्येवरील पीटर पहिला’ या चित्रात ठिकठिकाणी तांबूसपणा डोकावतो. रंग उडालाय का? आणि या चित्रकाराचं पुढे काय झालं?

उत्तर : उडालेला नाही, ते खालचं अस्तर आहे, म्हणजे चित्र रंगवण्याआधी कॅनव्हासवर दिलेला रंगाचा थर. १७२५ साली रशियाचा झार (सम्राट) पीटर वारल्यावर हे चित्र घाईघाईत झालं. अशा वेळी तांबूस अस्तर छायेसाठी उघडं ठेवायचं, वर पातळ तैलरंगाचे रुंद फटकारे मारायचे, दाट रंग फक्त उजेडाच्या जागी. थर वाळायची वाट पाहावी लागत नाही. तोटा एकच : तैलरंगाचा पातळ थर जुना होताना पारदर्शक होतो आणि अस्तर जास्तच वर येतं. रंगाचे पोपडे गेले असते तर कडा तुटक, धारदार दिसल्या असत्या. इथे तांबूसपणा कुंचल्याच्या दिशेनेच जातो. सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये हे नीट पाहता येतं.

पीटरनेच निकितिनला १७१६ मध्ये इटलीला शिकायला धाडलं होतं. १७२० मध्ये तो परतला. पीटरमागे मात्र दिवस फिरले. आर्चबिशप फेओफान प्रोकोपोविचविरुद्धच्या निंदापत्राच्या प्रकरणात १७३२ मध्ये अटक, वर्षानुवर्षं कैद, मग सायबेरियात तोबोल्स्कला हद्दपारी. सुटका झाली, पण घर गाठण्याआधी वाटेतच तो गेला.