पाणी हटत नाही म्हणून इंजेक्शन बदलावं का?

ताई, तुमच्या आईंना वेट एएमडीसाठी (वाढत्या वयात डोळ्याच्या पडद्याखाली गळक्या रक्तवाहिन्या वाढण्याचा आजार) अ‍ॅक्सेंट्रिक्स हे डोळ्यात द्यायचं इंजेक्शन चालू आहे, सात-आठ महिन्यांनंतरही ओसीटीत (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) पाणी दिसतंय आणि डॉक्टर व्हॅबिस्मो हे दुसरं इंजेक्शन सुचवताहेत. बदलावं का, हा तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही, पण माझ्या वडिलांचं औषध बदलून झालंय, त्यावरून सांगतो.

आधी फाइल काढून तारखा बघा. "दर महिन्याला" म्हणता म्हणता मधे लग्नकार्य येतं, डॉक्टर सुट्टीवर जातात आणि सहा-सात आठवडे सहज होतात. इंजेक्शननंतर चार आठवड्यांनी काढलेल्या ओसीटीत पडदा कोरडा आणि सात आठवड्यांनी परत पाणी, असं दिसत असेल तर औषध लागू पडतंय, फक्त पुरत नाहीये. तेव्हा जास्त टिकणारं औषध घेण्यात अर्थ आहे. चार आठवड्यांनीही पाणी तसंच असेल तर गोष्ट वेगळी. मग पॉलिप, म्हणजे रक्तवाहिन्यांवर आलेले फुगे, आहेत का ते विचारा (पीसीव्ही म्हणतात त्याला, आपल्या आशियाई लोकांत बऱ्यापैकी आढळतो). त्यासाठी आयसीजी अँजिओग्राफी लागते, म्हणजे शिरेत रंग टोचून डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो.

पाणी नेमकं कुठे आहे तेही विचारा. पडद्याखालचं थोडंसं, न वाढणारं पाणी बरेच डॉक्टर चालवून घेतात. पडद्याच्या आतलं मात्र नजरेला जास्त बाधतं.

व्हॅबिस्मो व्हीईजीएफबरोबर (गळक्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) अँग-२ हे रक्तवाहिन्या कमकुवत करणारं दुसरं प्रथिनही रोखतं. त्याच्या चाचण्यांत पहिल्या वर्षाअखेर जवळपास ४५ टक्के रुग्ण सोळा आठवड्यांच्या अंतरावर गेले, हा आकडा तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. पण त्या चाचण्यांतले रुग्ण नव्याने उपचार सुरू केलेले होते, आधीच्या औषधाला दाद न दिलेले नव्हेत. त्यामुळे आईंचंही तसंच होईल असं धरून चालू नका.

वडिलांना आयलिया या दुसऱ्या इंजेक्शनवर नेल्यावर ओसीटी छान सुधारला, नजर तपासायच्या तक्त्यावरची ओळ मात्र तीच राहिली. "रिपोर्ट चांगला आहे तर बसचा नंबर का दिसत नाही?" असं ते विचारायचे. तिथे व्रण पडून गेला होता, तो कुठलंच इंजेक्शन काढत नाही. बदलाने सहसा पाणी कमी होतं, फेऱ्या कमी होतात. गेलेली नजर परत येईलच असं नाही.

खर्च झेपत नसेल तर अवास्टिन या स्वस्तातल्या इंजेक्शनला कमी लेखू नका. २०११ च्या कॅट चाचणीत वर्षभरानंतर दृष्टीचा निकाल ल्युसेंटिसच्या तोडीचा होता (अ‍ॅक्सेंट्रिक्स म्हणजे तेच औषध). प्रश्न असतो तो एका बाटलीतून छोट्या सिरिंज निर्जंतुक भरण्याचा, म्हणून कुठे आणि कसं भरतात ते बिनधास्त विचारा. पॅजेनॅक्स या आणखी एका इंजेक्शनचं नाव निघालं तर डोळ्यात आतून सूज आणि रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या धोक्याबद्दल आधी स्पष्ट बोलून घ्या.

औषध कुठलंही असो, इंजेक्शननंतर डोळा वाढत्या प्रमाणात दुखला, लाल झाला, नजर धूसर झाली किंवा नवे काळे ठिपके तरंगू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. आणि बदलण्याआधी ओसीटीचे सगळे स्कॅन पेन ड्राइव्हवर मागून घ्या, नुसत्या प्रिंटवर दुसऱ्या डॉक्टरांना फारसं सांगता येत नाही.