पियानो, ऑर्गन आणि गायकवृंद : चर्चची नोकरी स्वीकारावी का?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. पियानोचे उच्च शिक्षण नुकतेच पूर्ण झाले आहे, एका चर्चने ऑर्गनवादक आणि गायकवृंदाचा संचालक म्हणून नेमणूक देऊ केली आहे, आपण रचलेली दोन स्तोत्रे त्याच गायकवृंदाने गायली आहेत, आणि आपल्या गुरूंचे म्हणणे असे की ही नोकरी स्वीकारली तर मैफलीचा पियानोवादक म्हणून आपली वाट बंद होईल. गेली सव्वीस वर्षे मी ही तिन्ही कामे करीत आलो आहे. माझे स्पष्ट मत असे की नोकरी स्वीकारावी. मात्र पियानोचे तास आधी ठरवून घ्यावेत आणि ते करारात लिहून घ्यावेत.

गुरूंची भीती निराधार नाही, परंतु इतिहास पूर्णपणे त्यांच्या बाजूने नाही. फ्रेंच संगीतकार कामीय सॅं-सॉं वयाच्या दहाव्या वर्षी, १८४६ मध्ये, पॅरिसच्या साल प्लेयेल या सभागृहात मोत्सार्ट आणि बेथोवेन यांचे कॉन्सर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) घेऊन रसिकांसमोर आला. पुढे १८५८ ते १८७७ अशी जवळजवळ वीस वर्षे तो पॅरिसच्याच मादलेन चर्चचा ऑर्गनवादक होता, आणि त्याच्या पाच पियानो कॉन्सर्टोंपैकी चार याच काळातले आहेत. म्हणजे रविवारच्या उपासनेने त्याचा पियानो थांबवला नाही. पण याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १८६८ मधला त्याचा दुसरा कॉन्सर्टो अवघ्या तीन आठवड्यांच्या आत लिहिला गेला, रियाजाला पुरेसा वेळ उरला नाही, आणि स्वतः पियानोवर बसूनही पहिल्या सादरीकरणात त्याला मनासारखे यश मिळाले नाही. आज तो कॉन्सर्टो जगभर वाजतो, हे खरे. तरीही त्या संध्याकाळी काय कमी पडले हे आपण लक्षात ठेवावे. पुढे १८७७ मध्ये एका चाहत्याच्या मृत्युपत्रातून एक लाख फ्रँक मिळाल्यावर त्याने मादलेन सोडले. आपल्याला आणि मला असे कोणी काही ठेवून जाण्याची शक्यता कमी असल्यामुळे वेळेची तजवीज आपली आपणच करावी लागते.

पॅरिसमधलाच संगीतकार सेझार फ्रांक याची वाटचाल वेगळी झाली. वडिलांच्या हट्टापायी लहानपणी त्याला पियानोवादक म्हणून गावोगावी मिरवले गेले, आणि मोठेपणी त्याने ती वाट सोडून सेंट-क्लोटिल्ड चर्चच्या ऑर्गनपाशी आयुष्य काढले. तो तिथे १८९० मध्ये मृत्यू होईपर्यंत होता. त्याचा व्हायोलिन सोनाटा (व्हायोलिन आणि पियानो यांची रचना) १८८६ चा आणि सिंफनी (वाद्यवृंदाची मोठी रचना) १८८८ ची, म्हणजे त्याचे उत्तम काम साठीच्या पुढचे आहे. ज्याला तिशीच्या आत नाव व्हावे असे वाटते त्याला हे उदाहरण धीर देणार नाही, पण मला ते अनेक वर्षे धीर देत आले आहे.

आता हातांविषयी, कारण गुरूंची खरी काळजी तिथेच असावी. ऑर्गनची पट्टी कितीही जोराने दाबली तरी नाद मोठा होत नाही, आणि ती दाबून ठेवली तोवर नाद तसाच टिकतो. त्यामुळे ऑर्गनवादकाचे सारे लक्ष स्वर कधी सोडायचा याकडे जाते, आणि सलगता राखण्यासाठी पट्टी न सोडता तिच्यावरच बोट बदलण्याची सवय लागते. पियानोचा स्वर मात्र उमटल्या क्षणापासून विरत जातो, आणि तिथे बाहूचे वजन किती टाकायचे, चार स्वरांच्या एका आघातात वरचा स्वर इतरांपेक्षा किती उजळ ठेवायचा, हेच मुख्य काम असते. सलग काही आठवडे केवळ ऑर्गन वाजवला की ही सूक्ष्म प्रतवारी हातातून निसटते. वादकाला स्वतःला ते लवकर कळत नाही, श्रोत्याला कळते. माझा नियम असा आहे की दिवसातला पहिला वाद्यस्पर्श पियानोचाच असावा, आणि उपासनेनंतर थकलेल्या हातांनी पियानोला बसू नये. दुसरीकडे, स्वर नेमका सोडण्याची जी शिस्त ऑर्गनने मला दिली ती पियानोच्या कोणत्याही पाठातून मिळाली नव्हती. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या फ्यूगमधले (एकच सुरावट अनेक आवाजांत एकामागून एक येते अशा रचनेतले) मधले आवाज मला ऑर्गननंतर स्वच्छ ऐकू येऊ लागले.

रचनेबद्दल अधिक सविस्तर लिहितो, कारण या नोकरीचे सर्वांत मोठे देणे तेच आहे. पियानोवादक गायकवृंदासाठी लिहू लागतो तेव्हा दहा बोटांसाठी लिहितो. बोटांखाली सुंदर वाजणारा स्वरसमूह गळ्यांना सापडेलच असे नाही, कारण टेनरला (पुरुषांच्या उंच आवाजाला) त्याचा पुढचा स्वर पट्टीवर दिसत नसतो. तो त्याला आधीच्या स्वरावरून किंवा शेजारच्या आवाजातून शोधावा लागतो. म्हणून प्रत्येक आवाजाची ओळ पियानो बंद ठेवून स्वतः गाऊन पाहावी. जिथे आपण अडखळतो तिथे गायक हमखास अडखळणार. श्वास कुठे घ्यायचा हे शब्दांच्या अर्थावरून ठरवून संहितेवर तशी खूण करावी. सोप्रानोला (स्त्रियांच्या उंच आवाजाला) अगदी वरच्या स्वरावर ‘ई’, ‘ऊ’सारखा मिटलेला स्वरोच्चार देऊ नये, अल्टोला (स्त्रियांच्या खालच्या आवाजाला) खालच्या टोकाला नेऊन तिथे महत्त्वाचे शब्द ठेवू नयेत, आणि टेनर दोनच असतील तर पुरुषांना एकच ओळ देऊन तीन आवाजांत लिहावे. यात कमीपणा काही नाही. फ्रेंच संगीतकार फोरे याचे रेक्विएम (मृतांसाठीच्या प्रार्थनेचे संगीत) १८८८ मध्ये मादलेनमध्ये प्रथम गायले गेले, ते जवळ होते त्या मोजक्या वाद्यांवर आणि तिथल्या मुलांच्या आवाजांवर बेतलेले होते. पूर्ण वाद्यवृंदाचे रूप १९०० मध्ये आले, आणि आज अनेक संचालक पुन्हा त्या पहिल्या, लहान रूपाकडे वळतात.

वास्तूचाही कान हवा. ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनर लिंझच्या कॅथेड्रलचा ऑर्गनवादक होता, आणि व्हिएन्नाला गेल्यानंतर १८६९ मध्ये त्याने लिंझच्याच एका प्रार्थनागृहाच्या अर्पणविधीसाठी ‘लोकुस इस्ते’ (लॅटिन : ‘ही जागा’) हे स्तोत्र लिहिले. अठ्ठेचाळीस मात्राखंडांची ती छोटी रचना आहे, आणि तिच्या अखेरच्या शब्दांपूर्वी सारे आवाज थांबतात. त्या थांब्यात आधीचा नाद दगडी भिंतींमधून विरत जातो, मग गायक पुन्हा सुरू करतात. कोरड्या सभागृहात त्या थांब्याचा अर्धा अर्थ हरवतो. अशी जागा कागदावर सुचण्यासाठी रिकाम्या चर्चमध्ये पुष्कळ वेळ घालवलेला असावा लागतो, आणि ही नोकरी तो वेळ देते. शिवाय दर आठवड्याला तालमीला येणारे तेच गायक असतात. गुरुवारी दिलेले पान रविवारी ऐकायला मिळते. मोठमोठ्या संगीतकारांनाही हे भाग्य क्वचित लाभते. बाखला ते लाभले : लाइपझिगमध्ये १७२३ पासूनच्या पहिल्या काही वर्षांत त्याला जवळजवळ दर आठवड्याला नवा कंटाटा (आवाज आणि वाद्ये यांची उपासनेसाठीची रचना) उभा करावा लागला, आणि आज त्याचे सुमारे दोनशे धार्मिक कंटाटा आपल्या हाती आहेत.

मैफलींच्या बाबतीत वर्षाला एक पूर्ण कार्यक्रम तयार करून तो चार-पाच ठिकाणी वाजवणे मला झेपले. नाताळपूर्वीचा महिना आणि ईस्टरपूर्वीचे सहा आठवडे यांत एकही मैफल स्वीकारू नये. अमेरिकन पियानोवादक आणि संगीतकार एमी बीच हिला १८८५ मध्ये लग्नानंतर नवऱ्याच्या इच्छेनुसार वर्षातून एक-दोनच जाहीर कार्यक्रम करता आले, तरी १९०० मध्ये स्वतःचा पियानो कॉन्सर्टो बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदाबरोबर तिनेच वाजवला, आणि मधल्या काळातला तिचा मोठा मास (उपासनेच्या शब्दांची संगीतरचना) १८९२ मध्ये गायला गेला. ते बंधन अन्यायाचे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण थोड्या मैफलींवरही वादकाचा हात शाबूत राहू शकतो, एवढे तिच्यामुळे मला पटले.

कराराविषयी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या रचनेचे हक्क, वेगळे काही ठरले नसेल तर, अनेक देशांच्या कायद्यांनुसार नोकरी देणाऱ्याकडे जातात. माझ्या पहिल्या चर्चच्या करारात याबद्दल एक शब्द नव्हता आणि मीही विचारले नव्हते. निघताना माझ्याच अकरा स्तोत्रांच्या प्रती परत मागण्यात माझे सात महिने गेले. म्हणून रचना आपल्या मालकीच्या राहतील आणि चर्चला त्या उपासनेत विनामूल्य गाता येतील, असे सही करण्यापूर्वी लिहून घ्यावे. त्याच कागदावर आठवड्यातल्या तीन सकाळी चर्चच्या पियानोवर केवळ आपला रियाज होईल, आणि त्या वेळी विवाहविधी वा अंत्यविधीसाठी बोलावणे आले तर बदली वादकाचे मानधन चर्च देईल, हेही नोंदवून घ्यावे.