मामा म्हणतो दुबई, काका म्हणतात रियाध

“मुलगा टी.वाय.बी.कॉम.ला आहे. माझा भाऊ वीस वर्षं दुबईत, जबल अलीच्या गोदामात सुपरवायझर. तो म्हणतो, निकाल लागला की व्हिजिट व्हिसावर पाठव. दीर रियाधला आहेत. ते म्हणतात, दुबई भरली, आता सगळं सौदीत. कुणाचं ऐकू?” – एक आई, चिपळूण

ताई,

दोघंही खोटं बोलत नाहीत. ज्याला त्याला आपल्या खिडकीतून दिसतं तेवढंच तो सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी मीसुद्धा डोळे झाकून दुबई सांगायचो. आता नाही सांगत.

दुबईकडे तेल थोडंच, म्हणून तिने व्यापाराची वाट लवकर धरली. जबल अली बंदर 1979चं, तिथला फ्री झोन, म्हणजे करात सवलत असलेला व्यापारी पट्टा, 1985चा. सौदीला जाग आली उशिरा, 2016च्या ‘व्हिजन 2030’ या सरकारी विकास आराखड्यातून, पण आली ती दणक्यात. फेब्रुवारी 2021मध्ये त्यांनी सांगून टाकलं की आखाती कारभाराचं मुख्यालय सौदीत नसेल, तर 2024पासून त्या परदेशी कंपनीला सरकारी कंत्राट नाही. ही मुख्यालयं बहुतेक दुबईत होती. तुमचे दीर बोलतायत ते यामुळेच.

पण मुलाच्या कामाची गोष्ट दुसरीच आहे. सौदी आणि अमिरात (दुबई ज्या देशात आहे तो) धरून सहा आखाती देशांची सहकार्य परिषद 1981ची, 2003पासून या देशांची जकात एकत्र. म्हणजे एकदा कर भरला की माल शेजारी बिनदिक्कत जायचा. जुलै 2021मध्ये सौदीने नियम फिरवला: फ्री झोनमध्ये बनलेला माल ‘आपला’ धरायचा नाही, म्हणजे त्यावर जकात घ्यायची. कल्पना करा, जबल अलीत भरलेला ट्रक अमिरातीच्या सीमेवरच्या अल घुवैफातहून सौदीच्या बत्था नाक्यावर उभा आहे. माल तोच, ड्रायव्हर तोच. पण माल नेमका कुठे तयार झाला या एका कागदावर जकात ठरते. त्याच महिन्यात तेल किती काढायचं यावरूनही सौदी आणि अमिरातीची जुंपली होती आणि दोनेक आठवड्यांत मिटलीसुद्धा. हे असंच चालणार. भांडतील, पण एकमेकांशिवाय भागणार नाही.

गंमत म्हणजे सुट्ट्याही जुळत नाहीत. सौदीत शुक्रवार-शनिवार, अमिरातीत 2022पासून शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस. दोन्हीकडची ऑफिसं पूर्णवेळ उघडी असे वार उरतात चार.

तर माल कुठे बनला हे सांगणारा तो कागद समजणारा माणूस दोन्हीकडे लागतो. नुसत्या कारकुनीचं मात्र कठीण आहे. सौदीत स्थानिकांना नोकऱ्या देण्याचं ‘निताकत’ 2011पासून आहे. अमिरातीत 50 किंवा जास्त माणसांच्या खासगी कंपन्यांना 2022पासून कुशल जागांवर दरवर्षी 2 टक्के अमिराती वाढवावे लागतात. कोऱ्या बी.कॉम.ला व्हिजिट व्हिसावर पाठवू नका. तीन महिने मामाच्या खोलीवर राहील, भाड्यापायी मामाही वैतागेल.

परीक्षा झाली की त्याला न्हावाशेवा-पनवेलकडे एखाद्या सीएचएच्या (मालाची कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या एजंटच्या) ऑफिसात दोन वर्षं चिकटवा. पगार बेताचाच मिळेल, पण बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्सचा अर्ज), एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आकडा), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठे बनला याचा दाखला) हाताखालून जाईल. एचएस कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे, त्यामुळे इथे शिकलेलं तिकडे वाया जात नाही. भारत-अमिरात व्यापार करार मे 2022पासून लागू आहे. त्यातली जकातीची सवलतही ओरिजिनच्याच कागदावर मिळते. आणि दुबईची बंदरं चालवणारी कंपनी डीपी वर्ल्ड न्हावाशेव्यातही टर्मिनल चालवते, म्हणजे दुबईचा कारभार कसा असतो ते इथेच बघायला मिळेल. सोबत सौदीची ई-बिलिंग पद्धत, ‘फातूरा’, आणि कामापुरती अरबी.

नंतर एजंटमार्फत जायचं ठरलं, तर तो ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघा.

सध्या भावाला एकच विचारा: त्याच्या गोदामातून सौदीला जाणाऱ्या मालाचे कागद कोण करतं, आणि तो माणूस काय शिकलाय? उत्तर आलं की मला लिहा. पुढचा कोर्स त्यावरून ठरवू.