चापेकरांवरील पटकथेच्या निमित्ताने

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पटकथेचा खर्डा वाचला. २२ जून १८९७ च्या रात्रीचा गणेशखिंडीचा प्रसंग चांगलाच रंगला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या बग्ग्या आणि अंधारात दबा धरून बसलेले चापेकर भाऊ. त्या वेळी ते आपसांत काय बोलले असतील, हे रचण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. मात्र तुझा रँड, म्हणजे पुण्याचा प्लेग अधिकारी, तिथेच प्राण सोडतो. जागीच मेला तो लष्करी अधिकारी आयर्स्ट. रँड ३ जुलैपर्यंत जगला. हे अकरा दिवस तू का गाळलेस, मला कळले नाही. काम फत्ते झाले की नाही हे न कळता घालवलेले ते दिवस म्हणजे लेखकाला आयते मिळालेले नाट्य आहे.

कालक्रमाबाबत थोडे कठोर लिहितो. महिने आकसून घ्यायला माझी हरकत नाही. पण दामोदरला फाशी झाली ती एप्रिल १८९८ मध्ये, आणि त्याची खबर पोलिसांना देणाऱ्या द्रविड बंधूंवर त्याचा भाऊ वासुदेव व साथीदार रानडे यांनी गोळ्या झाडल्या त्या फेब्रुवारी १८९९ मध्ये. तू हा क्रम उलटवला आहेस, त्यामुळे भावाच्या फाशीनंतर घेतलेला सूड साक्षीदाराचे तोंड बंद करण्याचा डाव ठरतो, आणि वासुदेव हा माणूसच बदलून जातो.

सर्वांत खटकले ते दामोदरच्या तोंडचे समतेचे भाषण. तुरुंगात त्याने लिहिलेले आत्मवृत्त मिळवून वाच: सुधारकांविषयीचा त्याचा कडवा द्वेष त्यात लपून राहत नाही. आजच्या प्रेक्षकाला तो पटावा म्हणून त्याला आजचे विचार देणे ही कलावंताची मोकळीक नव्हे, ती सारवासारव झाली. (निर्माते कुरकुर करतील, ती ऐकून घे.) रँडलाही राक्षस करू नकोस. प्लेग खरा होता, माणसे मरत होती, आणि तो आवरण्यासाठी सरकारने गोरे सोजीर लोकांच्या स्वयंपाकघरांत आणि देवघरांत घुसवले. झडतीच्या प्रसंगात तुझा सैनिक विकट हसतो. त्याऐवजी तो थंडपणे, हुकूम बजावत सामान बाहेर फेकताना दाखवलास, तर घरच्यांचा संताप अधिक कळेल.

द्रविडांचा क्रम आधी दुरुस्त कर आणि मग दुसरा खर्डा पाठव. आयर्स्टच्या पत्नीच्या प्रसंगाविषयी तेव्हा बोलू.

तुझा,
एक जुना पटकथाकार