जर्मन फुटबॉलपटू गर्ड म्युलर ना उंच होता, ना फार वेगवान. मग एवढे गोल कसे करायचा?

तुमचं म्हणणं असं की म्युलरचे जुने व्हिडिओ पाहिले तर गोल अगदीच साधे वाटतात, मग त्याचं एवढं नाव का? आणि शाळेच्या संघातल्या स्ट्रायकरने (गोल करायची मुख्य जबाबदारी असलेल्या पुढच्या खेळाडूने) त्याच्याकडून काय घ्यावं?

आधी आकडे. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, ४२७ सामन्यांत ३६५ गोल, सगळे बायर्न म्युनिक क्लबकडून. पश्चिम जर्मनीकडून ६२ सामन्यांत ६८. जर्मनीच्याच मिरोस्लाव क्लोसाने पुढे ७१ गोल करून देशाकडून सर्वाधिक गोलांचा हा विक्रम मोडला खरा, पण त्याला १३७ सामने लागले. १९७१-७२ च्या मोसमात म्युलरने लीगच्या ३४ सामन्यांत ४० गोल केले. तो आकडा ओलांडायला २०२१ साल उजाडलं, बायर्नच्याच लेवांडोव्स्कीने ४१ केले.

त्याचं 'बॉम्बर' हे टोपणनाव माझ्या मते दिशाभूल करणारं आहे. लांबून तोफ डागणारा तो नव्हताच. त्याचं दुकान गोलपासून दहा-बारा मीटरच्या आत. उंची १.७६ मीटर, पाय आखूड, मांड्या दांडग्या. १९६४ मध्ये तो बायर्नला आला तेव्हा प्रशिक्षक चायकोव्स्की त्याला 'छोटा जाड म्युलर' म्हणत. पण याच बांध्यामुळे शरीराचा तोल जमिनीलगत राहायचा. पन्नास मीटरच्या शर्यतीत तो हरला असता. पहिल्या तीन मीटरमध्ये आणि जागच्या जागी गिरकी घेण्यात उंच डिफेंडर हरायचा.

१९७४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातला नेदरलँड्सविरुद्धचा गोल सावकाश लावून बघा. ४३ वं मिनिट, १-१. म्युलरचा सहकारी बॉनहोफ उजवीकडून डच खेळाडू हानला चकवून आत घुसतो आणि जमिनीलगत पास मागे देतो. म्युलर गोलच्या दिशेने पळतोय, बॉल मात्र त्याच्या किंचित मागे येतो. तो थांबतो, पहिला टच घेतो आणि बॉल गोलपासून उलट दिशेला घरंगळतो. बघणाऱ्याला वाटतं, संधी गेली. पण डच बचावपटूंचं वजन अजून गोलकडे झुकलेलं असतं, त्यामुळे मागे गेलेल्या बॉलभोवती जागा मोकळी होते. म्युलर वळतो आणि उजव्या पायाने जमिनीलगत मारतो. जोर बेताचाच, पण गोलकीपरला पाय हलवायला वेळच मिळत नाही.

मुलांचं नेमकं इथंच चुकतं. बॉल आला की ती मारण्यासाठी पाय लांब मागे नेतात, तेवढ्यात डिफेंडरचा पाय आडवा येतो. दुसरी चूक म्हणजे पहिला टच थेट पायाखाली घेणं. मग मारायला अंतरच उरत नाही. पहिल्या टचने बॉल शॉट मारायच्या पायाच्या बाजूला अर्धा-पाऊण मीटर सरकला पाहिजे. तिसरी, टाचांवर उभं राहणं. गुडघे वाकलेले आणि वजन चवड्यांवर नसेल, तर गिरकी घेताना तोल जातोच.

सराव असा घ्या: स्ट्रायकर गोलपासून ७-८ मीटरवर, गोलकडे पाठ करून. मागे चिकटून एक डिफेंडर. बाजूने पास द्या, पण मुद्दाम खराब: कधी गुडघ्याएवढा उसळता, कधी पाठीमागे. जास्तीत जास्त दोन टच, शॉट जमिनीलगत. सलग आठ बॉल झाले की विश्रांती द्या, कारण दमलेला मुलगा पुन्हा टाचांवर येतो. गोलसमोर आधीच जाऊन उभं राहू देऊ नका. थांबलेल्या खेळाडूला पकडून ठेवणं सोपं असतं. म्युलर आधी एक-दोन पावलं चुकीच्या दिशेला टाकून मग शिरायचा.

पुढची कारकीर्द थोडक्यात: १९७४ ते ७६ बायर्नकडून सलग तीन युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा), १९७९ मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सकडे. खेळ संपल्यावर दारूने ग्रासलं. बायर्नमधल्या जुन्या सहकाऱ्यांनी उपचारांना लावलं आणि क्लबच्या दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षणाचं काम दिलं. अखेरची वर्षं अल्झायमरमध्ये गेली. १५ ऑगस्ट २०२१ ला तो वारला.

एक गोष्ट मात्र आधी करा. विंगवरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या मुलांना गोल लाइनजवळ पोचून पास मागे द्यायला शिकवा. बायर्नमध्ये सहकारी बेकेनबाउअरसोबतचे वन-टू (पास देऊन लगेच परत घेणं) होते म्हणून म्युलरपर्यंत बॉल पोचायचा. तुमच्याकडे नुसते उंच क्रॉस येत असतील, तर बुटक्या स्ट्रायकरची ही सगळी मेहनत वाया जाईल.